फक्कीचं घर

शांत बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. डोळे मिटा आणि एक श्वास सावकाश सोडा.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या कडेची मोकळी जागा मनासमोर आणा. सकाळची वेळ. गवंडी खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो. एका बाजूला ३ फूट मोजतो, दुसऱ्या बाजूला ४. तिरपं अंतर ५ फूट भरलं की कोपरा काटकोनात आला. मग मूठ जराशी सैल करून तो दोरीच्या कडेनं चुन्याची फक्की सोडत जातो. काळ्या मातीवर पांढरं घर उमटतं.

त्या रेषेपाशी उभे राहा. आत कुठून जाल? भिंत अजून उठायची आहे, पण पाय आपसूक दाराच्या मोकळ्या जागेकडे वळतात. तिथूनच आत या. ही ओसरी. हे स्वयंपाकघर. आखलेली खोली नेहमी लहान वाटते. वाटू द्या. तिच्या मधोमध थांबा, एक श्वास घ्या.

आता बीड शहरातलं कंकालेश्वर आठवा, कुंडाच्या पाण्यात उभं असलेलं दगडी मंदिर. असं मंदिर घडवणाऱ्याला पूर्वी सूत्रधार म्हणत. सूत्र म्हणजे दोरी. दगडाच्या आधी दोरी येते, हे त्या शब्दानं जपून ठेवलं आहे.

कधी नुसती रेषाच पुरते. १९६८ साली वॉल्टर डी मारिया या कलावंतानं अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात खडूच्या दोन समांतर रेषा लांबवर ओढल्या. त्या दोन रेषांमधून मनानं थोडं चाला. दोन्ही बाजूंना उघडं आकाश, आणि तरी आपण कशाच्या तरी आत आहोत.

आणि कधी रेषाही लागत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. उसाच्या फडाच्या आसपास कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहते आणि हंगाम सरला की मोडते. तेवढ्या महिन्यांत चुलीची जागा ठरते, पाण्याच्या घागरीची ठरते, लेकरू निजवायची ठरते. त्या जागा कुणी आखलेल्या नसतात. रोजच्या वावरण्यातून त्या आखल्या जातात.

पुन्हा आपल्या फक्कीच्या घरात या. कुदळ पडते, पाया खणला जातो, रेषा मातीत मिसळते. भिंतीला तिची जागा देऊन ती निघून गेली.

तुमच्याही घराखाली कधीतरी अशी एक रेषा होती. हळूहळू डोळे उघडा. उठाल तेव्हा उंबऱ्याशी क्षणभर थांबा, मग पाऊल टाका.