असत्यवादिनी नायिका

कादंबरींतील नायिका खोटें बोलते ती बहुधा कोणाच्या तरी प्राणरक्षणासाठीं, आणि तेंही खालच्या मानेनें. फिलिप पुलमन या इंग्रज ग्रंथकाराच्या 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) या कुमारांसाठीं लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबरींतील लायरा मात्र हौसेनें खोटें बोलते. दुसऱ्या एका विश्वांतील ऑक्सफर्डमध्यें, पंडितांच्या देखरेखीखालीं वाढलेली ही मळकट, भांडखोर पोर. थापा मारण्यांत तिचा हात धरणारा कोणी नाहीं. आणि हिच्याच हातीं ग्रंथकारानें सत्य सांगणारें यंत्र दिलें आहे! छत्तीस चिन्हांच्या तबकडीवर तीन कांटे फिरवून प्रश्न विचारावा, चौथ्यानें उत्तर द्यावें. विद्वान ज्यासाठीं ग्रंथ चाळतात, तें ही सहज वाचते.

अशी मुलगी मुलांपुढें नायिका म्हणून ठेवावी काय, हा वडील माणसांचा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. मारेकऱ्याशीं सुद्धां खोटें बोलूं नये, असें कांटनें १७९७ सालीं प्रतिपादिलें. उलट आपल्या कर्णपर्वांतील कौशिक, लपलेल्या माणसांचा ठाव लुटारूंना खरा सांगून नरकास गेला. आमचा कौल महाभारताच्या बाजूस आहे. पण तेवढ्यानें लायराचा निकाल लागत नाहीं, कारण तिच्या थापांपैकीं थोड्याच परोपकारार्थ असतात.

तिची सर्वांत मोठी थाप पाहा. अस्वलांच्या गादीवर योरेक या खऱ्या वारसाच्या जागीं इओफर बसला आहे. अस्वलाला फसविणें अशक्य. हूल दिली कीं तें ओळखतें. तरी इओफर फसतो. कां? त्याला अस्वल राहावयाचें नाहीं, मनुष्य व्हावयाचें आहे. त्या जगांत माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपानें देहाबाहेर वावरतो. तसा आपल्यालाही मिळावा म्हणून तो झुरत असतो. लायरा सांगते, मीच योरेकचा तो आत्मा. द्वंद्वांत त्याला मारलेंस तर तुझी होईन. स्वतःशीं खोटा झालेला राजा तिला आयताच सांपडला! हें निरीक्षण आम्हांस सबंध पुस्तकांत मोलाचें वाटतें. योरेक तिला 'रुपेरी जिभेची' असें नांव देतो. हें कौतुक जरा अधिक झालें, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं.

कारण पुढेंच रॉजर या तिच्या बालमित्राचा घात होतो, आणि तेथें थापेचा संबंधच नसतो. निर्मळ मनानें ती त्याला बापाकडे नेते. बाप आपल्या प्रयोगासाठीं त्याचा बळी घेतो.

तिसऱ्या भागांत (२०००) रॉजरची क्षमा मागावयास ती मृतांच्या लोकीं उतरते. दाराशीं हार्पी असते, अर्धी स्त्री आणि अर्धा पक्षी. लायरा संवयीनें रचलेली कहाणी सुरू करते, आणि हार्पी तिच्यावर झडप घालते. त्या कहाणीनें कोणाचें नुकसान होणार होतें? कोणाचेंच नाहीं, फक्त तींत जगाचा वास नव्हता. नंतर तीच लायरा मेलेल्या मुलांना ऑक्सफर्डजवळील मातीच्या खाणींतील चिखलफेकीची खरी हकीकत सांगते, भट्ट्यांच्या धुरासकट. हार्पी निमूट ऐकतात. त्यांना तें अन्नासारखें वाटतें. मग करार होतो: येणाऱ्यानें आयुष्यांत पाहिलें-ऐकलें तें खरें सांगावें, म्हणजे त्या बाहेरची वाट दाखवितील. तान्ह्या मुलांपुरती त्यांनीं सूट ठेवली आहे.