होकार कोणाचा?

रोडपालीच्या मूळ गावात हळदीची रात्र असली की वाद्यांचा आवाज सिडकोच्या इमारतींपर्यंत पोहोचतो. गेल्या लग्नसराईत अशाच एका रात्री आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात बसलो होतो. वडील तळोज्याच्या कारखान्यात नोकरीला, आई रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला मदत करणारी. त्यांच्या चोवीस वर्षांच्या मुलाने आठवड्यापूर्वी घरी सांगितले होते की, आपले प्रेम एका तरुणावर आहे. दोघेही वेदीसेवक म्हणून एकत्र वाढलेले. (हे पापनिवेदनातले नव्हे; मुलाच्या अनुमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने लिहीत आहोत.)

"फादर, वसईकडची मुलगी बघून ठेवली आहे," वडील म्हणाले. "एकदा लग्न झालं की येईल ताळ्यावर. तुम्ही फक्त त्याच्याकडून हो म्हणवून घ्या."

असे प्रेम पाप आहे की नाही, हा प्रश्न अशा घरात सर्वांत आधी विचारला जातो. आम्हांला त्याच्याही आधीचा प्रश्न निकडीचा वाटतो. असा होकार 'म्हणवून घेण्याचा' अधिकार आईबापांना, किंवा आम्हांला, आहे काय? १९८३ च्या धर्मसंहितेनुसार विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि त्या संमतीची जागा दुसरी कोणतीही सत्ता घेऊ शकत नाही. बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी दिलेला होकार असेल तर तो विवाहच नव्हे. लग्नापूर्वी धर्मगुरू वधूवरांना वेगवेगळे बसवून विचारपूस करतो, ती काही रकाने भरण्यापुरती नसते. मुलाच्या पापाची ज्यांना एवढी चिंता, तेच त्याला वेदीपुढे खोटे वचन द्यायला कसे सांगतात?

आणि त्या वसईच्या मुलीचे काय? दोन तास बोलणे झाले, पण तिचे नावसुद्धा कोणी घेतले नाही. येथे आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. तरुणपणी एका वराच्या चेहऱ्यावरची भीती आम्ही पाहिली होती. ती लाज असेल असे समजून लग्न लावले. दोन वर्षांनी ती मुलगी माहेरी परतली. "माझ्यात काय कमी होतं, फादर?" तिने विचारले. उत्तर आम्हांला ठाऊक होते, परंतु ते तिच्या नवऱ्याने विश्वासाने सांगितलेले असल्यामुळे उच्चारता येत नव्हते.

ताळ्यावर आणण्याविषयी म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी आकर्षण रोगांच्या यादीतून काढून टाकले आहे. घरच्यांच्या विरोधामुळे चेन्नईस आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे आले, तेव्हा त्यांनी या विषयातील आपले अज्ञान उघडपणे मान्य केले, मानसशास्त्रज्ञाकडून विषय समजून घेतला आणि मग ७ जून २०२१ रोजी आदेश दिला. असे आकर्षण 'बरे' करण्याच्या उपचारांना त्यांनी मनाई केली. पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही असे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. न्यायासनावरचा माणूस शिकायला बसतो. सेमिनरीत वर्षे काढलेल्या आम्हांला मात्र सारे आधीच ठाऊक असते!

ख्रिस्तसभेची शिकवण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. विवाह स्त्री-पुरुषांचाच, असे ती मानते. समलिंगी शरीरसंबंध तिला मान्य नाहीत, आणि अशा व्यक्तींना ती शुद्धतेच्या जीवनाचे पाचारण करते. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात हे आहे. तेथेच या व्यक्तींचा आदराने, सहानुभूतीने व हळुवारपणे स्वीकार करावा, अन्यायकारक भेदभाव टाळावा, हेही आहे. पहिला भाग आमच्या लोकांना तोंडपाठ असतो, दुसरा फारसा कोणी वाचलेला दिसत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा आमचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी ख्रिस्तसभा या व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असे स्पष्ट केले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयानेही प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. कायद्याचा धाक गेला. 'लोक काय म्हणतील' हा धाक रोडपालीत अजून पूर्वीइतकाच आहे.

तरीही एक गोष्ट आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. आम्ही ब्रह्मचर्य स्वीकारले ते स्वतः मागून, अनेक वर्षांच्या तयारीनंतर, सोबतीला गुरुबंधू असताना. या मुलाकडून मात्र आपण जवळजवळ तेच मागतो, तेही न विचारता आणि एकट्याने. त्याच्या शेजारी कोण उभे राहणार? याचे समाधानकारक उत्तर आम्हांला अद्याप सापडलेले नाही.

त्या रात्री आम्ही वडिलांना एवढेच सांगितले, की हे लग्न आम्ही लावणार नाही. ते काही बोलले नाहीत. निघताना आई जिन्यापर्यंत आली. "फादर, रविवारी पहिलं वाचन त्याचं आहे. त्यानं यायचं का?"

"यायचं," आम्ही म्हणालो. "आणि तुम्ही दोघांनी पुढच्या बाकावर बसायचं."

रविवारी आई पुढच्या बाकावर होती. वडील मागे, दाराजवळ उभे होते. पण मिस्सा संपेपर्यंत थांबले. वसईला नकार कळवल्याचे त्यांनी नंतर अंगणात, दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता सांगितले.