पाहणे हेही कर्मच

ज्ञानेंद्रिये आणि कर्मेंद्रिये ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, डोळ्याने केवळ घ्यावयाचे व हाताने करावयाचे, असे आपण सहज गृहीत धरतो. सुरतच्या डिंडोलीत खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी मंडळींची उपजीविका यंत्रमागावर चालते. त्या मागापाशी मात्र ही समजूत टिकत नाही. काही मागांत उभा धागा तुटला की त्यावर अडकवलेली पातळ पत्ती खाली पडते व माग थांबतो. ती पत्ती काही शोधीत नसते. कुशल विणकर कापडावरून बोटे फिरवतो, ते उजेडाकडे तिरपे धरतो, आणि अशा रीतीने दोष हुडकून काढतो.

निसर्गाची रीतही हीच आहे. वटवाघूळ स्वतःच्या हाकेचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात भक्ष्य शोधते, आणि ते जवळ येताच काही जातींच्या हाका सेकंदास दोनशेच्या घरात जातात. अंतःकरण डोळ्यावाटे बाहेर जाऊन, पाटाचे पाणी वाफ्याचा आकार घेते त्याप्रमाणे विषयाचा आकार घेते, असे 'वेदान्तपरिभाषे'त सांगितले आहे. रुझेना बायची या विदुषीने १९८८ साली यंत्राच्या दृष्टीविषयी असेच प्रतिपादन केले: यंत्रानेही कॅमेरा हेतुपूर्वक वळवून पाहिले पाहिजे.

पाहणे हे जर कर्म, तर न पाहणे हेही कर्मच ठरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ प्रमाणे, जी चौकशी करणे अवश्य होते ती एखाद्याने बुद्ध्या टाळली, तर ती गोष्ट त्यास ठाऊक होती असेच मानले जाते. सर्वच गोष्टींकडे पाहणे कोणास शक्य नाही, हे खरे. म्हणूनच कायदा 'अवश्य' एवढ्याचाच जाब विचारतो.

मग यंत्रमानवाच्या न पाहण्याचा जाब कोणी द्यावा? वटवाघूळ चुकले तर उपाशी राहते. यंत्राचे स्वतःचे काहीच बिघडत नाही. कापडातील दोष टिपणारा कॅमेरा, मागाच्या खडखडाटात पाळीमागून पाळी उभे राहून ज्याचे कान बधिर होत चालले आहेत त्या कामगाराकडे वळत नाही. कारण तिकडे वळण्यास त्यास कोणी सांगितलेले नसते. ते न सांगणाऱ्याने 'आमच्या यंत्रास दिसले नाही' असा बचाव केला, तर तो ग्राह्य धरू नये, असे आम्हांस वाटते. कलम ३ मालमत्तेपुरतेच लिहिलेले आहे. परंतु त्यामागील न्यायबुद्धी माणसाच्या कानांनाही लागू व्हावयास हवी.