याकोबाचा उजवा हात

कनान देशात दुष्काळ पडला आणि याकोब मुलाबाळांसह, गुराढोरांसह मिसरात आला. 130 वर्षांचा म्हातारा, दाणापाण्यासाठी परक्या दारी. मुलगा योसेफ त्याला फारोपुढे घेऊन गेला. अशा वेळी द्यायचं राजानं आणि घ्यायचं आलेल्यानं. पण बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात उलटंच घडतं. याकोबच फारोला आशीर्वाद देतो, येताना एकदा आणि निघताना पुन्हा. राजानं वय विचारलं, तर आपलं आयुष्य थोडं आणि कष्टाचं गेलं, एवढंच सांगतो. मोठेपणाचा आव कुठेच नाही.

आणि हा काही धुतल्या तांदळासारखा माणूस नव्हे! हातांवर करडांची कातडी बांधून, दृष्टी गेलेल्या बापाला फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद यानंच लाटला होता.

पुढे त्याचीही नजर मंदावली. योसेफानं आपली दोन्ही मुलं आशीर्वादासाठी आणली, थोरला मनश्शे बरोबर आजोबांच्या उजव्या हाताशी उभा केला. म्हाताऱ्यानं हातांची फुली केली. उजवा हात धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर. योसेफ तो हात धरून हलवू लागला. याकोबानं ऐकलं नाही. आपण काय करतोय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आजही शुक्रवारी संध्याकाळी अनेक ज्यू घरांत मुलग्यांना आशीर्वाद देताना या दोघांचीच नावं घेतात, आधी धाकट्याचं.