न दुखणाऱ्या जखमा
डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरुग्णांची वसाहत उभी केली, त्या काळात वऱ्हाडात घरोघरी एकच समजूत होती: महारोगात बोटं झडतात. कुणी देवीचा कोप म्हणे, कुणी रक्ताचा दोष. मांस आपोआप सडतं, हे मात्र सगळेच धरून चालत. अनेक डॉक्टरसुद्धा. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली रोगाचा जंतू शोधला, तरी बोटं का जातात हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर पुढे वेल्लोरला मिळालं. १९४६ मध्ये तिथे आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड एक गंजलेलं कुलूप उघडू पाहत होते. किल्ली फिरेना. एका रोगी पोराने ती घेतली आणि झटक्यात फिरवली. त्याच्या बोटाचं मांस हाडापर्यंत कापलं गेलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. बोटं झडत नव्हती. जखमांवर जखमा होऊन, त्या चिघळून हळूहळू संपत होती. मला या शोधाचं मोल फार वाटतं, कारण रुग्णांच्या हातांकडे, ते काम करत असताना, जवळून पाहिल्याशिवाय तो लागलाच नसता.

शेतात कापूस वेचणारी बाई घ्या. वाळलेल्या बोंडाचं टोक टोचलं की तिचं बोट नकळत कूस बदलतं. चुलीवरचा गंज उचलताना चटका बसला की हात आधी मागे येतो आणि दुखल्याचं नंतर कळतं. मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच सुटलेला असतो. किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, हे त्वचा क्षणोक्षणी सांगत असते. कुष्ठाचे जंतू शरीराच्या थंड भागांतल्या नसा गाठतात: कोपराजवळची, घोट्याजवळची. नस गेली की हे सांगणंच बंद पडतं. मग चप्पल घालण्याआधी खडा आहे का ते पाहणं, रोज रात्री तळवे तपासणं, हे काम डोळ्यांना करावं लागतं.

पण वेदना म्हणजे त्वचेकडून निघालेला निव्वळ निरोप, हेही पुरतं खरं नाही. सतराव्या शतकात तत्त्वज्ञ देकार्तने ती दोरी ओढून घंटा वाजवण्यासारखी मानली होती. १९६५ साली संशोधक मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे तंतू आणि मेंदू, दोघेही ते कमीजास्त उघडतात. म्हणून आपटलेलं कोपर चोळलं की बरं वाटतं. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतल्या तिखटाचा माग काढत १९९७ मध्ये एक ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, शोधला. साधारण ४३ अंशांच्या वर तोच ग्राही उष्णतेनेही उघडतो, म्हणून तिखट ‘जळतं’. आर्डेम पॅटापूटियन यांनी दाब ओळखणारे ग्राही शोधले. २०२१ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

हे सगळं वाचताना मला आठवतात ते ‘बधिर पाय रात्री आगीसारखा पेटतो’ म्हणणारे रुग्ण. टाचणी कळत नाही, मग आग कशी होईल, असं म्हणून घरचेही त्यांना खोटं ठरवतात. पण दुखावलेली नस स्पर्श पोचवू शकली नाही तरी चुकीचे संकेत पाठवत राहते, आणि मेंदू त्यांची वेदना करतो. ती खरीच असते. शिवाय अशी आग नव्याने सुरू झाली, नस दुखू लागली किंवा हातापायाची ताकद कमी झाली, तर ती कुष्ठातली ‘रिअ‍ॅक्शन’, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराच्या प्रतिकारशक्तीची अचानक उसळी, असू शकते. अशा वेळी डॉक्टरांनी लवकर स्टेरॉइड सुरू केले तर नस वाचण्याची शक्यता असते. महिने उलटले की ती कमी होत जाते.