विचारलं कुणाला?

तलासरीत संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा लिमात सकाळचे नऊ झालेले असतात. खिडकीतून महामार्गावरच्या ट्रेलरचा आवाज येत असतो, आणि पडद्यावर पेरूतला एक तरुण सल्लागार वही उघडून बसलेला असतो. मी त्याला व्यवसायाचं इंग्रजी शिकवते. साधं इंग्रजी त्याला येतंच. धोरण ठरवणाऱ्या बैठकांत जे शब्द न अडखळता वापरावे लागतात ते त्याला हवे आहेत: लेव्हरेज, अलाइनमेंट, बाय-इन, मिटिगेशन, स्टेकहोल्डर.

स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजीचा हा भाग सोपा वाटतो आणि नेमका तिथेच घात होतो. दोन्ही भाषांनी लॅटिनचा एकच शब्द घेतलेला असतो, पण पुढे दोघींच्या घरी तो वेगळा वाढलेला असतो. 'कोम्प्रोमीसो' म्हणजे दिलेला शब्द, बांधिलकी. इंग्रजीत 'कॉम्प्रमाइज' म्हणजे तडजोड. आपण शब्द देतो आहोत असं स्पॅनिश माणसाला वाटतं आणि समोरच्याला तो माघार घेताना दिसतो. 'एवेंतुआलमेंते' म्हणजे वेळ पडलीच तर, कदाचित. 'इव्हेंच्युअली' म्हणजे उशिरा का होईना, पण होणारच. करारात या एका शब्दाने वर्षाचं काम इकडचं तिकडे होऊ शकतं. असे शब्द सरावाने सुधारतात. चार आठवडे घोकले की जीभ वळते.

'कन्सल्ट' मात्र सरावाने सुटला नाही.

धडा साधा होता. इंग्रजीत हे क्रियापद तीन प्रकारे चालतं. कुणाला कन्सल्ट करणं म्हणजे त्याला विचारणं, त्याचं मत घेणं. कुणाच्या सोबत कन्सल्ट करणं म्हणजे बरोबरीने बसून चर्चा करणं. कुणासाठी कन्सल्ट करणं म्हणजे पैसे घेऊन सल्ला देणं. छोटंसं शब्दयोगी अव्यय बदलतं आणि माणसांमधलं नातंच बदलतं. पहिल्यात मी ऐकणारी, दुसऱ्यात आपण समोरासमोर, तिसऱ्यात मी सांगणारी. फळ्यावर मी तीन रकाने काढले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, आमच्या देशात पहिल्या रकान्यासाठी माणसं मेली आहेत.

तो बाग्वाबद्दल बोलत होता. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली जमीन गुंतवणुकीसाठी खुली करणारे आदेश पेरूच्या सरकारने काढले, तिथल्या आदिवासींना न विचारता. 5 जून 2009 रोजी बाग्वाजवळ पोलीस आणि आंदोलक यांच्यात संघर्ष झाला. तीसहून अधिक माणसं मेली, पोलीसही आणि आदिवासीही. दोन वर्षांनी, सप्टेंबर 2011मध्ये, 'कोन्सुल्ता प्रेबिया'चा म्हणजे आधी विचारण्याचा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1989चा 169 क्रमांकाचा करार पेरूने 1994मध्येच मान्य केला होता. तो देशाच्या कायद्यात उतरायला इतकी माणसं जावी लागली. अंतिम निर्णय आजही सरकारच घेतं, हे तो लपवत नव्हता. पण विचारताना दुभाषी असला पाहिजे, बोलणं त्या लोकांच्या भाषेत झालं पाहिजे, हे तिथे कायद्यात लिहिलेलं आहे. तो करार भारताने मान्य केलेला नाही. आपण 1958मध्ये त्याच्या आधीचा, 107 क्रमांकाचा करार स्वीकारला आणि तिथेच थांबलो.

त्या रात्री मी पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, पुन्हा काढून बसले. 24 डिसेंबर 1996चा कायदा. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात, म्हणजे तो आमचा कायदा. अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेला किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीला 'कन्सल्ट' करावं, असं त्यात म्हटलं आहे. तेच क्रियापद, पहिल्या रकान्यातलं. गौण खनिजांच्या बाबतीत त्याच कायद्याने ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आधी घेणं बंधनकारक केलं. जमिनीच्या बाबतीत मात्र विचारण्यावर भागवलं. 'संमती' हा शब्द यायला 2013चा भूसंपादन कायदा उजाडावा लागला. विचारणं आणि संमती घेणं यांत सतरा वर्षांचं अंतर पडलं, आणि त्या सतरा वर्षांत या पट्ट्यात काय काय आखलं गेलं ते इथल्या पाड्यांना ठाऊक आहे.

मराठी कागदांत 'कन्सल्ट'साठी कधी 'सल्लामसलत' येतं, कधी 'विचारविनिमय'. मसलत हा शब्द मला अस्वस्थ करतो. मराठेशाहीच्या पत्रांत मसलत म्हणजे सल्लाही आणि मोहीमही. आपसांत खलबत करून कुणावर तरी चालून जायचं, त्याचं ते नाव. आजच्या 'स्ट्रॅटेजी'चं मूळही ग्रीक सेनापतीत आहे, आणि आपण तिला व्यूहरचना म्हणतो. व्यूह शत्रूपुढे रचतात. गावाशी मसलत होते की गावाविषयी, हे शब्द स्वतःहून सांगत नाही.

'विचारणं' हे त्याहून कितीतरी चांगलं क्रियापद आपल्याकडे आहे. मराठीत विचार करणं आणि विचारणं एकाच मुळातून येतात. जो विचारतो तो विचार करायला तयार असतो, असं जणू भाषेनेच गृहीत धरलं आहे. आजाऱ्याची आपण विचारपूस करतो. आणि 'मला घरात कोण विचारतं' असं म्हातारं माणूस म्हणतं तेव्हा त्याची तक्रार प्रश्नांची नसते, किमतीची असते. विचारणं म्हणजे मोजणं, गणतीत धरणं. इतका अर्थ इंग्रजीच्या तिन्ही रकान्यांत मिळून नाही.

आता 'स्टेकहोल्डर'. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या 1963च्या एका अंतर्गत टिपणातून हा शब्द व्यवस्थापनाच्या जगात आला, आणि एडवर्ड फ्रीमन यांच्या 1984च्या पुस्तकाने तो रूढ केला. मूळ हेतू चांगला होता: कंपनी फक्त शेअर घेणाऱ्यांची नसते, तिच्या कामाची झळ ज्याला लागते त्याचाही तिच्यावर हक्क असतो. स्पॅनिशमध्ये त्याला एक शब्द नाही, ते हितसंबंध असलेले गट म्हणतात. मराठीत 'हितसंबंधी' आहे, पण घाईच्या भाषांतरात 'स्टेकहोल्डर'चा 'भागधारक' होतो. ही चूक मला किरकोळ वाटत नाही. भागधारक म्हणजे ज्याने पैसे घालून नफ्याचा वाटा घेतला तो. ज्याची भाताची खाचरं आणि वरकस जमीन रेषेखाली जाणार आहे त्याला भागधारक म्हटलं की, तो सौद्यात आधीच सामील झाला असं कागदच ठरवून टाकतो. शिवाय एका यादीत बँक, कंत्राटदार, खातं आणि पाडा एकाखाली एक आले की चौघे सारखेच दिसतात. बँकेचं कर्ज बुडालं तर ती दुसरीकडे देते. पाड्याला 'दुसरीकडे' नसतं.

गेल्या काही वर्षांत या दोन तालुक्यांवरून मालगाड्यांची स्वतंत्र मार्गिका गेली, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आखला गेला, 508 किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचा पट्टा आला, आणि किनाऱ्यावर 76,220 कोटींच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 जून 2024 रोजी मंजुरी दिली. अशा प्रत्येक कामामागे सल्लागारांचे अहवाल असतात. पर्यावरणावरच्या परिणामांविषयीच्या 2006च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण अहवालाचा सारांश राज्यभाषेत द्यावा लागतो; मूळ अहवाल सहसा इंग्रजीतच, शेकडो पानांचा. त्या अधिसूचनेच्या जागी आणायचा 2020चा मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत निघाला तेव्हा तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत आणा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. पण वारली, धोडिया, कातकरी त्या अनुसूचीत नाहीत. इथल्या आजीला मराठी सारांशही दुसऱ्याच्या भाषेतलाच वाटतो.

अहवाल म्हणजे शत्रू, असं मला म्हणायचं नाही. 20 जून 1991 रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. त्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 1996 रोजी आदेश दिला, त्याला आधार होता नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अहवालाचा. त्या आदेशातून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण उभं राहिलं आणि 1998मध्ये त्याने वाढवणचं बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारी गेल्यानंतर, जुलै 2023मध्ये बंदराला हरकत नाही म्हटलं. दोन्ही वेळा कागद तज्ज्ञांच्या भाषेतच होते. म्हणून ही भाषा टाळून चालणार नाही, ती आत शिरून वाचता आली पाहिजे, याबद्दल माझी खात्री झाली आहे.

आणि वाचताना सगळ्यात आधी कर्ता शोधावा लागतो. 'उपजीविकेवरील परिणामांचे उपशमन करण्यात येईल' या धाटणीचं वाक्य घ्या. कुणाची उपजीविका? किती परिणाम? करणार कोण, कधीपर्यंत? चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्यात नाही, आणि तरी ते आश्वासनासारखं ऐकू येतं. स्पॅनिश भाषकांना मी हीच वाक्यरचना 'प्रगत' म्हणून शिकवत होते. क्रियापदाचं नाम करा, कर्ता काढा, वाक्य भारदस्त होतं. सल्लागाराला ते यायलाच हवं, समोरची कागदपत्रं तशीच असतात. पण ते उलगडायला न शिकवता फक्त रचायला शिकवणं मला आता जमत नाही.

याच मातीत याच्या अगदी उलट बोललं गेलेलं आहे. मे 1945मध्ये झरी इथे, तेव्हा ते उंबरगाव तालुक्यात होतं, हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम घेऊन आले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराचे 'लग्नगडी' होत होते, वेठबिगार होती. झरीत ठरलं ते एका दमात सांगता येईल असं होतं: वेठ करायची नाही, आणि जमीनदाराच्या खाजगी शेतावर 12 आणे रोज मिळाल्याशिवाय राबायचं नाही. पुढे गवतकापणीचा दर ठरला: 500 पौंडांना अडीच रुपये. कोण, काय, किती, सगळं त्यात आहे. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि इतर मारले गेले, तरी त्या वाक्यातला आकडा हलला नाही. सोपं होतं म्हणून नव्हे, नेमकं होतं म्हणून ते टिकलं. नेमकेपणा हीच जर प्रगत भाषेची खूण असेल, तर लिमातल्या माझ्या विद्यार्थ्याला द्यायचा धडा झरीत आधीच होऊन गेला होता.

आता शनिवारी दुपारी माझ्याकडे पाड्यावरच्या चार मुली येतात. दोघी पदवीला आहेत, एक उंबरगावच्या कारखान्यातल्या पाळीवरून थेट येते. त्यांना सुरुवातीला मुलाखतीचं इंग्रजी हवं होतं. एकदा मी एका प्रकल्पाचा सारांश, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, त्यांच्यापुढे ठेवला आणि लिमाचे तीन रकाने काढले. कारखान्यात जाणारीने पेन्सिल घेतली आणि 'करण्यात येईल', 'घेण्यात आले' जिथे जिथे होतं तिथे समासात 'कोण?' लिहीत गेली. चौथ्या पानावर ती थांबली. तिथे लिहिलं होतं की ग्रामस्थांशी विचारविनिमय करण्यात आला.

"बाई," ती म्हणाली, "हे तर आमच्याच गावाचं आहे. आईला विचारते. त्या दिवशी ती होती का तिथे ते."