ठिकाणांकडून वाटांकडे

9 जून 2025 रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यानच्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. दारात लटकलेले प्रवासी आणि त्यांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासल्या आणि माणसे रुळांवर पडली. चार जण त्या दिवशीच गेले. त्यानंतर चर्चा झाली ती दारांची, फेऱ्यांची आणि वळणाची, आणि ती व्हायलाच हवी होती. कोविडनंतरच्या वर्षांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावत आली आहेत. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात ही बातमी कुणाला नवी राहिलेली नाही. मात्र मेलेल्यांची निदान मोजदाद होते. पडून वाचलेल्यांपैकी ज्यांच्या डोक्याला मार लागला, ज्यांचा सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला आणि ज्यांना दोन-चार दिवसांत घरी सोडले, त्यांचा हिशेब या मोजणीत कुठेच बसत नाही. माझे म्हणणे असे की, या ‘नॉर्मल’मागे मेंदूच्या रचनेची एक विशिष्ट कल्पना उभी आहे. ती कल्पना एकोणिसाव्या शतकात घडली आणि तिने फार मोठे काम केले. पण मेंदूविज्ञान तिच्या पुढे निघून गेले. आपला कायदा आणि आपली घरे मात्र अजून तिथेच आहेत.

कल्पना अशी: मेंदूत ठिकाणे असतात आणि प्रत्येक ठिकाणाला नेमून दिलेले काम असते. शाळेच्या पुस्तकातली आकृती हेच सांगते. कपाळामागे ललाटखंड, कानाच्या वर शंखखंड, माथ्याच्या मागच्या बाजूला पार्श्वखंड, मागे दृष्टी सांभाळणारा पश्चखंड, त्याखाली तोल आणि हालचालींची लय सांभाळणारा लहान मेंदू, आणि सर्वांत खाली श्वास-ठोके चालू ठेवणारा मस्तिष्कस्तंभ. यात चुकीचे काही नाही. ही आकृती बरीचशी अपघातांनी आणि आजारांनी काढली आहे. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची पहार फिनिअस गेज या मुकादमाच्या डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला, थोड्याच वेळात बोलू लागला आणि काही महिन्यांत हिंडू-फिरू लागला. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी 1868 मध्ये लिहिले की, पूर्वीचा जबाबदार मुकादम आता लहरी आणि शिवराळ झाला होता, आणि ओळखीच्यांना तो पूर्वीचा गेज वाटत नव्हता. मधल्या काळात, 1861 साली, पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी लेबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. हा माणूस वर्षानुवर्षे एकच अक्षर उच्चारू शकत होता, पण त्याला बोललेले बरेचसे कळत होते. डाव्या ललाटखंडाच्या मागच्या-खालच्या भागात जखम सापडली आणि वाणीला मेंदूत घर मिळाले. इकडे मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी 1853 मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. रेल्वे आणि मेंदूचे हे ज्ञान एकाच काळात वाढले, आणि त्यांचा संबंध केवळ योगायोगाचा नव्हता. तो पुढे येईलच.

ठिकाणांच्या या कल्पनेला तिच्या ऐन बहरातच तडा गेला होता. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी दाखवले की, बोलण्याचे ठिकाण आणि ऐकलेले समजण्याचे ठिकाण वेगवेगळे आहे. त्याहून महत्त्वाचा त्यांचा तर्क असा होता की, दोन्ही ठिकाणे शाबूत असूनही त्यांना जोडणारे तंतू तुटले तर भाषेचा वेगळाच बिघाड होईल. पुढे हा विचार मागे पडला. नॉर्मन गेश्विंड यांनी 1965 मध्ये तो नव्याने मांडला, आणि 1990 च्या दशकात जिवंत माणसाच्या मेंदूतल्या तंतूंची दिशा टिपणारे एमआरआयचे तंत्र आले तेव्हा तर तो डोळ्यांनी पाहता येऊ लागला. मग जुन्या खटल्यांची फेरतपासणी झाली. लेबोर्न्यचा मेंदू पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलेला होता. 2007 मध्ये त्याचा एमआरआय प्रसिद्ध झाला. ब्रोका यांनी वरून पाहिलेली जखम पृष्ठभागापुरती नव्हती, ती आत पांढऱ्या तंतूंच्या मोठ्या जुडीपर्यंत गेली होती. 2012 मध्ये गेजच्या कवटीच्या स्कॅनवरून हिशेब मांडला गेला. पहारीने मेंदूच्या करड्या थराचा सुमारे 4 टक्के भाग छेदला होता, तर पांढऱ्या तंतूंचे नुकसान सुमारे 11 टक्के होते. म्हणजे ज्या दोन माणसांच्या जोरावर ठिकाणांचे शास्त्र उभे राहिले, त्या दोघांच्याही बाबतीत ठिकाणाइतक्याच, कदाचित जास्तच, वाटा तुटल्या होत्या. या शास्त्राच्या इतिहासातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे. जुना पुरावा खोटा ठरला नाही, तो जास्त खोल निघाला.

मेंदू सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम वजनाचा असतो. त्यातले पेशींचे करडे द्रव्य मुख्यतः वरच्या थरात आणि खोल गाभ्यातल्या पुंजक्यांत आहे. उरलेला मोठा भाग म्हणजे तंतू. प्रौढ माणसाच्या मेंदूतले आवरणयुक्त तंतू एकापुढे एक जोडले तर लांबी दीड लाख किलोमीटरच्या घरात जाते. जिवंत मेंदू खरवसासारखा मऊ असतो. तीन आवरणांच्या आत सुमारे 150 मिलिलिटर द्रवात तो तरंगत असतो, आणि त्याला सांभाळणाऱ्या कवटीचा तळ मात्र आतून खडबडीत आहे. ललाटखंड आणि शंखखंड जिथे टेकतात तिथेच हाडाच्या धारदार कडा आहेत. धावत्या गाडीतून पडलेल्या माणसाचे डोके आपटते तेव्हा कवटी क्षणात थांबते, पण मेंदू थांबत नाही. तो या कडांवर घासतो, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःभोवती वळतो. ए. एच. एस. होलबोर्न या ऑक्सफर्डमधल्या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनच्या प्रतिकृती फिरवून 1943 मध्ये दाखवले की, सरळ धक्क्यापेक्षा हे वळणे जास्त घातक असते, कारण वेगवेगळे थर वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि मधले ओढले जातात. 1956 मध्ये सबिना स्ट्रिच यांनी गंभीर मार लागून दीर्घकाळ अचेत राहिलेल्या रुग्णांच्या मेंदूंत हेच पाहिले: मोठी जखम फारशी नाही, पण पांढऱ्या भागातले तंतू सर्वत्र विरलेले. असा तंतू बहुतेकदा जागच्या जागी तुटत नाही. ताणला जातो, आतली वाहतूक अडते, तो सुजतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी विलग होतो. सीटी स्कॅनला रक्त दिसते, हाड दिसते, सूज दिसते. ताणलेला तंतू दिसत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, 2013 मध्ये, डोक्याला सौम्य मार लागलेल्या आणि सीटी नॉर्मल आलेल्या रुग्णांचा लवकर एमआरआय केला तेव्हा 27 टक्के जणांत दोष सापडले.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येईल आणि तो वजनदार आहे. सीटीने किती जीव वाचवले हे विसरून चालणार नाही. कानशिलाजवळ हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे तडा गेला तर धमनी फाटते आणि कवटी व बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. असा माणूस पडल्यावर उठून बसू शकतो, नाव-पत्ता सांगू शकतो, ‘मला काही झालेले नाही’ म्हणत घरी जायला निघू शकतो, आणि काही तासांत बेशुद्ध होऊन दगावू शकतो. 1971 मध्ये माणसाचा पहिला सीटी स्कॅन होण्याआधी हे रक्त नेमके कुठे आहे ते कळणे फार अवघड होते. आता ते लगेच कळते, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर माणूस धडधाकट परततो. तेव्हा ठिकाण महत्त्वाचे आहेच. माझा मुद्दा एवढाच आहे की, सीटी ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न ‘आत्ता कवटी उघडावी लागेल का’ हा आहे. ‘हा माणूस पूर्ववत झाला का’ हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो, तरी घरचे लोक त्याचे उत्तर तेच धरून चालतात. मग तीन आठवड्यांनी तो गॅसवर दूध ठेवून विसरतो, तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतो, मुलावर नको तितका ओरडतो, फलाटावरचा गोंगाट त्याला सोसवत नाही, आणि घरात शब्द निघतो: आळशी झालाय, नाटक करतोय.

‘नाटक’ हाच दुसरा आक्षेप, आणि तो रेल्वेइतकाच जुना आहे. 1866 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांत अंगावर जखम नसलेल्या, पण नंतर झोप, स्मृती आणि कामाची उमेद गेलेल्या प्रवाशांवर पुस्तक लिहिले. हा दोष त्यांनी मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्यावर टाकला आणि नुकसानभरपाईच्या खटल्यांत त्यांच्या पुस्तकाचे हवाले दिले जाऊ लागले. 1883 मध्ये हर्बर्ट पेज यांनी त्याला उत्तर दिले: रचनेत दोष दिसत नाही, तेव्हा हे भीतीचे आणि मनाचे काम आहे. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते. त्यामुळे त्यांचे म्हणणे आपोआप खोटे ठरत नाही. एरिक्सन यांनी दाखवलेली जागा खरोखरच चुकली होती आणि भीतीचा वाटाही खरा असतो. पण ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ असा निष्कर्ष त्यांनी काढला तो त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यावर बेतलेला होता. 1961 मध्ये हेन्री मिलर या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने हाच सूर लावला, की भरपाई हाती पडली की तक्रारी जातात. पुढे निकाल लागलेल्या रुग्णांचा पाठपुरावा झाला तेव्हा अनेकांच्या तक्रारी पैसे मिळाल्यावरही तशाच असल्याचे आढळले. ढोंग करणारे असतात. त्यांना ओळखण्यासाठी स्मृती आणि एकाग्रतेच्या चाचण्यांमध्ये मुद्दाम केलेली चूक पकडण्याची सोयही असते. तेव्हा उपाय चाचणी करणे हा आहे, नाकारणे नव्हे.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. 1994 च्या दुरुस्तीने रेल्वे कायद्यात कलम 124-अ आले आणि गाडीतून चुकून पडलेल्या वैध तिकीट-पासधारक प्रवाशाला भरपाईचा हक्क मिळाला. 2017 पासून मृत्यूची भरपाई आठ लाख रुपये आहे. दुखापतींसाठी नियमांना जोडलेली यादी आहे आणि ती हात कुठून तुटला, बोटे किती गेली, पाय कुठे कापावा लागला, अशा हिशेबाने पुढे जाते. यादीत न बसणाऱ्या दुखापतीचे काय, हे न्यायाधिकरणाने वैद्यकीय पुरावा पाहून ठरवायचे. तुटलेल्या अंगठ्याला पुरावा लागत नाही, तो दिसतो. हरवलेल्या एकाग्रतेचा पुरावा कुठून आणायचा? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले, हे मोठे पाऊल होते. त्यात मज्जासंस्थेच्या दोषामुळे गेलेली वाणी नावानिशी आहे. म्हणजे ब्रोकांचा रुग्ण कायद्यात आला. पण डोक्याला मार लागून बदललेला गेज त्या 21 जणांत नावाने नाही. कुणी म्हणेल, मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, स्मृती आणि वर्तनाचे बिघाड येतात आणि दीर्घकालीन मज्जाविकारांचेही एक सदर आहे, त्यात बसवा. कायद्याच्या अक्षरात ते बसतेही. पण प्रमाणपत्र देणाऱ्या टेबलासमोर नाव नसलेल्या माणसाला आधी आपण कोणत्या रकान्यातले हे सिद्ध करावे लागते, आणि ज्याचे नियोजन आणि चिकाटी गेली आहे त्याच्याकडून आपण हे मागतो आहोत.

गेजविषयी एक गोष्ट पुस्तकांत बहुधा शेवटी येते किंवा येतच नाही. अपघातानंतर काही वर्षांनी तो चिलीला गेला आणि तिथे अनेक वर्षे घोडागाडी हाकत राहिला. हे काम नियमित, ठरावीक रस्त्याचे, ठरावीक वेळेचे असले तरी सहा घोडे आवरण्याचे आणि उतारूंशी वागण्याचे होते. म्हणजे तो कायमचा वाया गेला ही गोष्टही अतिरंजित आहे. कामाची चौकट मिळाली तेव्हा उरलेल्या वाटांनी बरेच सांभाळून घेतले असावे. आज पुनर्वसनात हेच करतात: ठरावीक दिनक्रम, लिहून ठेवायची सवय, एका वेळी एक काम, कमी गोंगाट, कामावर टप्प्याटप्प्याने परतणे. त्याला महागडे यंत्र लागत नाही, प्रशिक्षित माणूस आणि आठवड्यामागून आठवडे वेळ लागतो.

म्हणून मागणी तीन पातळ्यांवर आहे. डोक्याला मार लागून सुटी मिळालेल्या प्रत्येकाच्या कागदावर सहा आठवड्यांनी स्मृती, एकाग्रता आणि वर्तनाच्या तपासणीची तारीख लिहिली जावी, आणि ती तपासणी मुंबईत नव्हे, ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या पालिका रुग्णालयांत व्हावी. रेल्वे भरपाईच्या यादीत आणि दिव्यांग कायद्याच्या अनुसूचीत मेंदूला झालेली इजा नावाने यावी. आणि घरच्यांना सांगणे असे: पडल्यानंतरचा पहिला दिवस-रात्र माणसाला एकटे सोडू नका. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, जास्त झोप, असंबद्ध बोलणे, एका डोळ्याची बाहुली मोठी होणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा. त्यानंतरच्या महिन्यांत त्याचा स्वभाव बदललेला वाटला, तर ‘रिपोर्ट नॉर्मल होता’ म्हणून गप्प बसू नका. काय बदलले ते तारखेनिशी वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.